केंद्रक नसलेले सगळे एकाच घराण्यातले का?

काटोलची एक विद्यार्थिनी विचारते. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली, आता नीटच्या तयारीसाठी नागपुरात राहते. तिचा प्रश्न असा: "सर, आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींमधल्या फरकांचा तक्ता मला पाठ आहे. प्रश्न जरा फिरवून आला की मात्र चुकतं. केंद्रक असणं-नसणं एवढ्याशा गोष्टीवरून अख्ख्या सजीवसृष्टीचे दोन भाग का पाडले? नील-हरित शैवाल नावानं शैवाल आहे, मग ते मोनेरात, म्हणजे जीवाणूंच्या सृष्टीत का? आणि शेवटी पाच सृष्टी खऱ्या की तीन डोमेन?"

नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आणि माती-पाण्याचे नमुने तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि दरवेळी तो ऐकून मला बरं वाटतं, कारण तक्ता पाठ असूनही समाधान न झालेली मुलंच तो विचारतात. तुझ्या वर्गात प्रोकॅरिओट आणि युकॅरिओट म्हणत असतील. आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेली पेशी) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेली) म्हणजे तेच, त्यामुळे भाषेची चिंता करू नकोस.

गाभा आधी सांगून टाकतो. 'आदिकेंद्रकी' हे पेशीच्या बांधणीचं नाव आहे, घराण्याचं नाही. 'दृश्यकेंद्रकी' मात्र बांधणीचंही नाव आहे आणि घराण्याचंही. तुझ्या तिन्ही शंका या एका फरकात अडकल्या आहेत.

आता तक्ता मिटून ठेव आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक काचपट्टी करून बघ. टूथपिकच्या बोथट टोकानं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, जे निघेल ते काचपट्टीवर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं, मेथिलिन ब्लूचा एक थेंब टाकून मिनिटभरानं धुवायचं. ४०० पट मोठं करून पाहिलं की फिकट निळ्या, कडा दुमडलेल्या पापडासारख्या पेशी दिसतात. एकेक पेशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद आणि तिच्या मधोमध एक गडद निळा ठिपका, तेच केंद्रक. इथपर्यंत सगळे पाहतात आणि वहीत आकृती काढून मोकळे होतात. तू तिथे थांबू नकोस. तेलाचा थेंब टाकून १००० पट मोठं कर आणि त्याच पेशीच्या फिकट भागावर नजर फिरव. मोहरी सांडावी तसे बारीक गडद दाणे दिसतील, कुठे जोडीनं, कुठे माळेसारखे, कुठे काडीसारखे. ते तुझ्या तोंडातले जीवाणू, लांबी साधारण एक-दोन मायक्रोमीटर. एकाच काचपट्टीवर दोन्ही प्रकारच्या पेशी, तुझी स्वतःची आणि तिच्यावर बसलेल्या पाहुण्यांची. तुझ्या पेशीचं नुसतं केंद्रकच त्या अख्ख्या जीवाणूच्या कितीतरी पट मोठं आहे. त्या दाण्यात मात्र वेगळा ठिपका नाही, सगळा दाणा सारखाच रंगला आहे.

सारखाच का रंगला? डीएनए नाही म्हणून? अजिबात नाही. "केंद्रक नाही म्हणजे डीएनए नाही" ही मी पेपरात सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए सरळ ताणला तर जवळपास दीड मिलिमीटर भरतो आणि तो बसतो दोन मायक्रोमीटरच्या पेशीत. गोलाकार, पिळून पिळून घडी घातलेला असा तो पेशीच्या मधल्या भागात असतो. त्या भागाला केंद्रकाभ म्हणतात. त्याच्याभोवती पटल नाही, एवढंच.

या पटलामुळे काय बदलतं हे समजलं की अर्धा तक्ता आपोआप पाठ होतो. जीवाणूमध्ये डीएनएवरून आरएनएची प्रत निघत असतानाच, प्रत पूर्ण व्हायच्या आत, रायबोझोम तिला चिकटतात आणि प्रथिन बनवायला लागतात. सकाळी पोह्याच्या गाडीवर बघ, कढईतून पोहे थेट प्लेटमध्ये, वर तर्री, आणि गिऱ्हाईक खायला मोकळं. मधे कुणी नाही. दृश्यकेंद्रकी पेशीत प्रत केंद्रकाच्या आत निघते. तिथेच तिच्यातले नको ते तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापले जातात, उरलेले जोडले जातात, एका टोकाला टोपी आणि दुसऱ्याला शेपूट लागते, मग ती केंद्रकपटलाच्या छिद्रातून बाहेर येते आणि तेव्हा कुठे रायबोझोमच्या हाती पडते. यात वेळ जातो, पण मधे तपासायला आणि बदलायला जागा मिळते. तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडले तर एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं बनतात. ई. कोलायच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या वाणाचा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा आणि त्यात सुमारे ४,३०० जनुकं. माणसात अक्षरं ३०० कोटींहून जास्त, पण प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २०,००० च्या आसपास. जनुकं पाचपटच्याही आत आणि तेवढ्यातून डोळा, यकृत, मेंदू सगळं घडतं. केंद्रकाच्या भिंतीनं दिलेली सवड या घडण्यात फार मोलाची आहे.

जीवाणूला ती सवड नको असते, त्याला वेग हवा असतो. अन्न आणि ऊब मिळाली की ई. कोलाय २० मिनिटांत एकाचे दोन होतात. त्याला सूत्री विभाजन लागत नाही, तर्कूतंतू लागत नाहीत. डीएनएची नक्कल होते, दोन्ही नकला दोन बाजूंना जातात, मधे भिंत पडते.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. तक्त्यात ती "तंतुकणिका: नाहीत / आहेत" अशी एका ओळीत संपते आणि मला त्याचं वाईट वाटतं. जीवाणू श्वसन करतो ते स्वतःच्या प्रद्रव्यपटलावर. म्हणजे त्याची ऊर्जा बनवायची जागा त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाएवढीच. आता घनाचं साधं गणित कर. बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. पोट आठपट वाढलं पण चूल चौपटच वाढली, म्हणून पेशी जेवढी मोठी तेवढी तिची उपासमार. बहुतेक जीवाणू लहान राहिले त्याचं एक मोठं कारण हेच. दृश्यकेंद्रकी पेशीनं चुलीच आत आणल्या. तंतुकणिका म्हणजे घड्या घातलेली पटलं, आणि एका पेशीत त्या शेकड्यांनी, कधी हजारांनी असू शकतात. मग पेशी मोठी झाली तरी ऊर्जा पुरते, आणि पेशी मोठी झाली की आतला माल इकडून तिकडे न्यायला आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल आणि प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा लागतो. तक्त्यातल्या या सगळ्या ओळी एकमेकींच्या मागे अशा उभ्या आहेत.

या चुली आल्या कुठून? त्या आधी स्वतंत्र जीवाणू होत्या. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे ठामपणे मांडलं तेव्हा पुष्कळांना ते पटलं नव्हतं. आज पुरावा इतका आहे की शंकेला जागा नाही. तंतुकणिकेला दोन पटलं असतात, तिचा स्वतःचा गोलाकार डीएनए असतो (माणसात १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा), तिचे रायबोझोम जीवाणूंच्या घडणीचे असतात आणि पेशी तिला नव्यानं घडवू शकत नाही, असलेली तंतुकणिकाच दुभंगून वाढते. हरितलवकाची, म्हणजे वनस्पतीच्या पेशीत प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या हिरव्या अंगकाची, गोष्ट अशीच. त्याचे पूर्वज म्हणजे तुला कोड्यात टाकणारं ते नील-हरित शैवाल.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर तुझ्या गावाकडे चल.

पुष्कळ वर्षांपूर्वी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार माझ्याकडे आले होते. "झाड वाळून राहिलं जी, बुंध्यातून डिंक गळून राहिला," म्हणाले. कुठल्याशा दुकानातून त्यांना अँटिबायोटिकची पावडर दिली होती आणि ती त्यांनी दोनदा फवारली होती. फरक शून्य. मी बुंध्याजवळची साल आणि मुळांभोवतीची माती आणायला सांगितली. तो डिंक्या होता, म्हणजे फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. त्याची पेशी दृश्यकेंद्रकी. जीवाणूच्या रायबोझोमवर काम करणारं औषध त्याच्यावर काम करणार तरी कसं? त्याच्याकडे ते कुलूपच नाही. त्यांना बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करायला सांगितलं, डिंक खरवडून बोर्डो मलम लावायला सांगितलं आणि फायटोफ्थोरावर चालणारं औषध दिलं. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत या रोगाशी झुंज सोपी नसते, तरी त्या बागेतली बरीच झाडं वाचली. फुकट गेलेला सगळा हंगाम मात्र परत आला नाही. पेशीचा प्रकार न ओळखता औषध दिल्याची ती किंमत होती आणि ती त्या शेतकऱ्यानं मोजली. मला आजही त्याची हळहळ वाटते.

त्याच बागेत दुसरा रोग येऊ शकतो, ग्रीनिंग. पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे चट्टे, फळ लहान आणि एका बाजूला कललेलं. हा जीवाणू आहे, नाव लिबेरिबॅक्टर. झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो आणि सायला नावाची बारीक कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. दोन्ही रोगांत झाड खंगतं, पान पिवळं पडतं, शेतकऱ्याला दोन्ही 'मर'च वाटतात. पण एक कारण केंद्रकवालं आणि दुसरं बिनकेंद्रकाचं, त्यामुळे उपायांच्या वाटा पूर्ण वेगळ्या. अमरावती रोडवर आपल्याकडे केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे या दोन्ही रोगांवर वर्षानुवर्षं काम चालतं.

फायटोफ्थोराबद्दल आणखी एक गोष्ट, कारण वर्गीकरणाच्या प्रश्नाला ती फार उपयोगी आहे. दिसायला तो बुरशीच. तंतू वाढतात, बीजाणू होतात. म्हणून शंभरेक वर्षं त्याला कवकांत धरलं. पण त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची असते, कवकांसारखी कायटिनची नसते, आणि त्याचं नातं तपकिरी शैवाल आणि डायटमशी निघालं. एर्गोस्टेरॉल नावाचा जो पदार्थ बहुतेक कवकांच्या पटलात असतो आणि ज्याच्यावर बुरशीची कितीतरी औषधं नेम धरतात, तो फायटोफ्थोरा बनवतच नाही. दिसण्यावरून केलेली वाटणी आणि नात्यावरून केलेली वाटणी यांत केवढं अंतर पडतं ते यात दिसतं.

एर्गोस्टेरॉल आलंच आहे तर २०२१ आठव. त्या उन्हाळ्यात कोरोनानंतर नागपुरात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि अँफोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्ररात्र फिरत होते. म्युकर ही बुरशी, म्हणजे दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीच्या घडणीत आपल्या जवळची. जीवाणूला मारणं त्या मानानं सोपं, कारण पेप्टिडोग्लायकनची भिंत त्याला आहे आणि आपल्याला नाही. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही आणि आपल्या पेशीला धक्काही लागत नाही. बुरशी मारायची तर आपल्यासारख्याच पेशीत एखादा छोटासा फरक शोधावा लागतो. अँफोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला धरतं, पण आपलं कोलेस्टेरॉल त्याच्यासारखंच दिसतं, म्हणून ते औषध मूत्रपिंडावर ताण आणतं आणि डॉक्टर क्रिएटिनिन बघत बघत ते देतात. बुरशीची औषधं संख्येनं कमी का, याचं उत्तर तुझ्या तक्त्यातच दडलेलं आहे.

रायबोझोमची ओळ तशीच आहे. जीवाणूत ७०एस (५० आणि ३०), आपल्या पेशीद्रव्यात ८०एस (६० आणि ४०). ही बेरीज चुकलेली नाही. 'एस' हे अपकेंद्री यंत्रात कण किती वेगानं तळाशी बसतो त्याचं माप आहे आणि ते आकारावरही अवलंबून असतं. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ३०एस भागाला धरतात, अझिथ्रोमायसिन ५०एस भागाला. आता फिरवलेला प्रश्न ऐक: मलेरियाचा परजीवी तर दृश्यकेंद्रकी, मग त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन का चालतं? कारण त्याच्या पेशीत अपिकोप्लास्ट नावाचं एक अंगक आहे. ते हरितलवकाच्या कुळातलं, म्हणजे मुळात जीवाणूचंच, आणि त्याचे रायबोझोम अजून जीवाणूच्या घडणीचे आहेत. औषध तिथे वार करतं. याची दुसरी बाजू दुखरी आहे. आपल्या तंतुकणिकाही जीवाणूच्या कुळातल्या, म्हणून काही जीवाणूनाशक औषधं त्यांनाही त्रास देतात. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये एका अक्षराचा बदल आईकडून मुलांकडे येतो आणि अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातलं इंजेक्शन दिलं तर बहिरेपण येऊ शकतं. दोनशे कोटी वर्षांच्या आसपास जुनं नातं आजच्या दवाखान्यात असं समोर उभं राहतं.

आता वर्गीकरण. हा इतिहास मी मुद्दाम जरा घाईनं सांगतो, कारण सनावळीपेक्षा त्यातली एक चूक महत्त्वाची आहे. लिनिअसनं १७३५ मध्ये सजीवांच्या दोन सृष्टी केल्या, वनस्पती आणि प्राणी. हेकेलनं १८६६ मध्ये तिसरी, प्रोटिस्टा, आणली. एदुआर शात्तों या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये प्रोकॅरिओट आणि युकॅरिओट हे शब्द वापरले, पण ते जवळजवळ विस्मृतीत गेले. कोपलँडनं १९३८ मध्ये मोनेराला स्वतंत्र सृष्टी केलं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, पेशीचं अंतरंग दिसू लागलं, आणि १९६२ मध्ये रॉजर स्टेनियर आणि व्हॅन नील यांनी ते दोन शब्द पुन्हा उचलून जीवाणूची व्याख्या मांडली. व्हिटाकरच्या १९६९ च्या पाच सृष्टी (मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती, प्राणी) या पायावर उभ्या आहेत आणि तुझ्या पुस्तकात त्याच आहेत.

चूक कुठे? आदिकेंद्रकीची व्याख्या बरीचशी नकारांवर उभी होती. केंद्रकपटल नाही, तंतुकणिका नाहीत, सूत्री विभाजन नाही. गावातल्या ज्यांच्याकडे बैलजोडी नाही ते सगळे एका भावकीतले, असं कुणी म्हटलं तर आपण मानू का? नसण्यावरून नातं सिद्ध होत नाही. त्या काळी दुसरं साधनही नव्हतं, हे त्या शास्त्रज्ञांच्या बाजूनं सांगायलाच हवं. जीवाणू दिसायला दांडा, गोल किंवा पीळदार, यापलीकडे त्यांच्या अंगावर वाचण्यासारखं फारसं काही नसतं.

ते साधन कार्ल वूज यांनी शोधलं. रायबोझोममधला १६एस आरएनए प्रत्येक जीवाणूत असतो आणि फार सावकाश बदलतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये बसून त्यांनी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांच्या या आरएनएचे तुकडे करून त्यांची ताडणी केली. १९७७ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केलं की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव दिसायला जीवाणू असले तरी नात्यानं जीवाणूंपासून फार दूर आहेत. १९९० मध्ये त्यातून तीन डोमेन, म्हणजे सृष्टीहूनही वरचे गट, झाले: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया.

आर्किया तुला परके वाटतील, पण ते तुझ्या घराजवळच आहेत. गावाकडचा गोबरगॅस पेटतो तो मिथेनवर आणि मिथेन बनवतात आर्किया. गाईच्या पोटातही तेच. इथे भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे जातं. अशा केंद्राच्या हवा सोडलेल्या टाकीतला गाळाचा एक थेंब घेतला तर जीवाणूंचे करडे पुंजके दिसतात आणि त्या पुंजक्यांना देठानं चिकटलेली व्होर्टिसेला, उलट्या घंटेसारखी, तोंडाभोवतीचे केसांसारखे रोमक हलवत सुटे जीवाणू गिळत असते. तिला जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो. व्होर्टिसेला दिसली की पाणी बरं शुद्ध होतंय असं आम्ही समजतो. आणि हाच गाळ बंद टाकीत, हवा तोडून कुजवला की तिथे आर्कियांचं राज्य सुरू होतं. तीनही डोमेन सांडपाण्याच्या एकाच वाटेवर.

आर्कियांना केंद्रक नाही, म्हणून बांधणीनं ते आदिकेंद्रकी. पण त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसतं, म्हणून पेनिसिलिन त्यांना काही करत नाही. त्यांच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांचा रासायनिक जोडच वेगळा, इथर जोड, तर जीवाणूंत आणि आपल्यात एस्टर जोड. आणि डीएनएवरून आरएनएची प्रत काढणारं त्यांचं यंत्र जीवाणूंपेक्षा आपल्या यंत्रासारखं आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांकडे डीएनए गुंडाळायला हिस्टोनही आहेत. २०१५ मध्ये आर्क्टिकजवळच्या समुद्रतळाच्या गाळातून मिळालेल्या डीएनएमध्ये लोकी नावाचा आर्कियांचा गट सापडला. त्याच्याकडे अशी जनुकं निघाली जी तोवर फक्त दृश्यकेंद्रकींचीच मानली जात होती. त्याच्या जवळचा एक आर्किया जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवून २०२० मध्ये दाखवला. त्या कामाला बारा वर्षं लागली होती, आणि मला त्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात. आज बहुतेक संशोधक मानतात की एका अशा आर्कियाजवळच्या पूर्वजानं एका जीवाणूला आत घेतलं आणि त्यातून आपलं अख्खं घराणं सुरू झालं. म्हणजे आर्किया दिसतात जीवाणूंसारखे, पण ते भाऊबंद आपले. म्हणून म्हटलं, आदिकेंद्रकी हे घराणं नव्हे.

आता नील-हरित शैवाल. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी साध्या भिंगातून पाहिलं, हिरवट रंग, पाण्यात वाढ, प्रकाशसंश्लेषण, आणि शैवाल म्हटलं. फुटाळा तलावाच्या काठचं हिरवं पाणी आण आणि एका काचपट्टीवर स्पायरोगायरा हे खरं शैवाल, दुसरीवर नील-हरित अ‍ॅनाबिना ठेव. स्पायरोगायराच्या पेशीत हरितलवकाची फीत जिन्यासारखी फिरत गेलेली स्पष्ट दिसते, बाकी पेशी स्वच्छ. अ‍ॅनाबिना म्हणजे मण्यांची बारीक माळ. प्रत्येक मणी आतून सारखाच निळसर हिरवा, कारण रंगद्रव्याला वेगळं घर नाही. मधेच एखादा मोठा, फिकट, जाड भिंतीचा मणी दिसेल, तो हेटेरोसिस्ट, तिथे हवेतला नायट्रोजन स्थिर होतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत अझोला सोडतात तो त्याच्या पानात राहणाऱ्या अशाच सोबत्याच्या जोरावर. पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन, रायबोझोम ७०एस, केंद्रक नाही. हा जीवाणूच, म्हणून आता सायनोबॅक्टेरिया हे नाव, आणि पाच सृष्टींत जागा मोनेरात. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात केली ती यांनीच, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी.

परीक्षेत फसवणारे काही मासले देतो. माणसाच्या पक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिकाही नसतात, म्हणून ती आदिकेंद्रकी का? नाही. ती अस्थिमज्जेत केंद्रकासह जन्मते आणि नंतर ते टाकून देते. कोंबडीच्या रक्ताची काचपट्टी केली तर लंबगोल पेशीत केंद्रक स्पष्ट दिसेल. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नाही, तरी तो जीवाणू. यीस्ट एकपेशीय आणि बारीक, तरी दृश्यकेंद्रकी. आकारावर तर कधीच विसंबू नकोस: ऑस्ट्रिओकॉकस नावाचं हिरवं शैवाल एक मायक्रोमीटरहून लहान असूनही त्यात केंद्रक, तंतुकणिका आणि हरितलवक आहे. उलट कॅरिबियन बेटांवरच्या खारफुटीत सापडलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू, ज्याचं वर्णन २०२२ मध्ये झालं, एक सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यानं तर डीएनए पटलाच्या बारीक पिशव्यांत ठेवलेला आहे. विषाणूला पेशीच नाही, तेव्हा तो या वाटणीत कुठेच बसत नाही.

पाच सृष्टी की तीन डोमेन? व्हिटाकरचं नाव प्रश्नात असेल तर पाच सृष्टी लिही, मोनेरात आर्किया आणि जीवाणू दोन्ही धर. वूजचं नाव असेल तर तीन डोमेन. नुसतं "आदिकेंद्रकी" विचारलं तर बांधणीबद्दल लिही आणि जमल्यास एक वाक्य जोड, की यात दोन वेगळे डोमेन येतात. सगळ्या प्राणी, वनस्पती, कवक आणि प्रोटिस्टांचा मिळून एक डोमेन होतो, हे मात्र दोन्ही वेळा ध्यानात असू दे.

दिवाळीत घरी जाशील तेव्हा बागेत एखादं डिंक गळणारं झाड दिसलं तर त्याच्या मुळांजवळची मूठभर ओली माती घेऊन ये. वाटीत मातीवर पाणी घाल, गाळ बसू दे आणि संत्र्याच्या कोवळ्या पानाचे बारीक तुकडे वर तरंगत ठेव. दोन-तीन दिवसांनी तुकड्याच्या कडेला लिंबाच्या आकाराच्या, टोकाला उंचवटा असलेल्या पिशव्या दिसू लागतील. तो तुकडा थोड्या गार पाण्यात ठेवून मग खोलीच्या उबेला आण आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घे. नशीब असेल तर पिशवीचं टोक उघडेल आणि आतून बीजाणू पोहत बाहेर पडतील, प्रत्येकाला दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीच्या शेपट्या. जीवाणूची कशाभिका पंख्याच्या दांडीसारखी मुळापासून गोल फिरते, तिच्या बुडाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी मोटार असते. या बीजाणूंची कशाभिका आतल्या सूक्ष्मनलिका एकमेकींवर सरकल्यानं वळवळते, नऊ जोड्या भोवती आणि दोन मधे, आणि तुझ्या श्वासनलिकेतल्या रोमकांची घडणही हीच. थोडा वेळ बघत बस. एकेक बीजाणू जरा वेळानं पोहणं थांबवेल, कशाभिका टाकेल आणि गोल होऊन पानाला चिकटेल.